माहिती निरंक : गृह आणि आरोग्य खात्याची सभागृहातली उत्तरं वाचायची कशी?

तिरपी_रेघ

मला गेले काही महिने एक विचित्र नाद लागलाय. रात्री जेवणं आवरली की मी संसदेच्या संकेतस्थळावर जाऊन खासदारांच्या प्रश्नांना मंत्र्यांनी दिलेली लेखी उत्तरं वाचत बसते. त्यातही गृह आणि आरोग्य. नवरा म्हणतो, झोप येत नसेल तर डॉक्टरला दाखव. खरं तर यातली निम्मी उत्तरं झोपेच्या गोळीचंच काम करतात. उरलेली निम्मी मात्र झोप उडवतात.

सगळ्यांना आठवत असेल असंच उदाहरण घेते. २० जुलै २०२१, राज्यसभा. दुसरी लाट नुकतीच ओसरली होती. ऑक्सिजनअभावी मोठ्या संख्येने रुग्ण दगावले, हे खरं का, असा प्रश्न होता. उत्तर दिलं आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी. त्या आपल्या दिंडोरीच्या, मंत्री होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. उत्तराचा आशय असा : आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यूंची नोंद कशी करायची याच्या सूचना केंद्राने दिल्या आहेत, त्यानुसार राज्यं आकडे पाठवतात, आणि ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे मृत्यू झाल्याचं राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी वेगळं असं कळवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे मथळा एकच, ‘ऑक्सिजनअभावी एकही मृत्यू नाही : सरकार’. मी तेव्हा भयंकर चिडले होते. तीन महिन्यांपूर्वी, २१ एप्रिलला, नाशिक महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली, पुरवठा थांबला आणि २२ रुग्ण गेले. मंत्रीणबाईंच्याच जिल्ह्यात!

परवा ते उत्तर पुन्हा शांतपणे वाचलं. ‘मृत्यू झाले नाहीत’ असं त्यात कुठेच नाही. ‘कळवलेलं नाही’ असं आहे. वाक्य अक्षरशः खरं आहे, म्हणून त्याला हात लावता येत नाही. त्याच उत्तरात पुढे असंही आहे की पहिल्या लाटेत देशाची ऑक्सिजनची रोजची मागणी कळसाला ३,०९५ टन होती आणि दुसऱ्या लाटेत ती जवळपास ९,००० टनांवर गेली. म्हणजे गरज तिप्पट झाल्याचं सरकारच सांगतंय. ते मथळ्यात आलं नाही.

राज्यांचं म्हणाल तर आपले तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीही महाराष्ट्रात ऑक्सिजनअभावी मृत्यू झाला नसल्याचंच सांगितलं. केंद्रात एक आघाडी, राज्यात तिच्या विरोधातली, पण या एका वाक्यावर एकमत! पुढे केंद्राने राज्यांना पत्रं पाठवून विचारलं. डिसेंबरात केंद्रीय आरोग्यमंत्री मनसुख मांडवियांनी लोकसभेत सांगितलं की १९ राज्यांकडून उत्तरं आली आणि त्यात फक्त पंजाबने ४ संशयित मृत्यू कळवले.

गृह खात्याच्या अंगाने जाणारं दुसरं उदाहरण. सप्टेंबर २०२०, टाळेबंदीनंतरचं पहिलं अधिवेशन. घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले? श्रम मंत्रालय म्हणालं, अशी आकडेवारी ठेवली जात नाही. ती नाही, म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. गृह मंत्रालयाने लोंढे निघण्याचं खापर टाळेबंदीच्या मुदतीबद्दलच्या खोट्या बातम्यांवर फोडलं. आणि त्याच आठवड्यात रेल्वेमंत्र्यांनी राज्यसभेत श्रमिक गाड्यांमध्ये ९७ माणसं दगावल्याचा आकडा दिला. आकडे नसलेलं आणि आकडे असलेलं सरकार एकच. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ ८ मे रोजी रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, ते कुठल्या वहीत बसतात कोण जाणे. रेल्वेच्या आकड्यात नक्की नाहीत, कारण ते गाडीत नव्हते.

पण ही उत्तरं टाकाऊ नाहीत, असंही माझं मत होत चाललंय. ४ फेब्रुवारी २०२० ला गृह राज्यमंत्र्यांनी लोकसभेत लेखी दिलं की ‘लव्ह जिहाद’ ही संज्ञा सध्याच्या कायद्यात कुठे व्याख्यित नाही आणि केंद्रीय यंत्रणांकडे अशा एकाही प्रकरणाची नोंद नाही. त्याच दिवशी, देशपातळीवर एनआरसी करण्याचा निर्णय आजवर झालेला नाही, हेही लेखी आलं. सभांमधली भाषणं आणि हे कागद शेजारी ठेवून बघा. भाषणाला कुणी धरत नाही. चुकीचं लेखी उत्तर दिलं तर हक्कभंग येऊ शकतो.

तुम्हाला आठवणारी अशी उत्तरं सांगा. आणि आतली माहिती असलेलं कुणी असेल तर, ही घडतात कशी?

बाकडं_नंबर_तीन

+१. ‘वाक्य अक्षरशः खरं आहे’ हे पटलं. आमच्याकडे दूधवाला असाच बोलतो. ‘पाणी घातल्याची तक्रार आलेली नाही.’

फायलीतला_माणूस

मंत्रालयात एका विभागात २६ वर्षं काढली. कोणत्या ते विचारू नका, पेन्शन चालू आहे.

आपल्या विधानमंडळातल्या प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ इथून सुरुवात. मग (१) अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तराचाही साचा आहे. (१) हे खरे नाही, किंवा अंशतः खरे आहे. (२) व (३) एकत्र. (४) प्रश्न उद्भवत नाही. हे ‘उद्भवत नाही’ मी इतक्या वेळा टंकलंय की घरी बायकोने ‘भाजी आणली का’ विचारलं तरी तोंडात तेच यायचं.

आता माहिती कुठून येते ते बघा. एलएक्यू, म्हणजे विधानसभेचा प्रश्न, आला की फाइलला तातडीची पताका लागते. कार्यासनाकडून संचालनालयाला, तिथून जिल्हा शल्य चिकित्सकाला, तिथून तालुक्याला. सोबत एक प्रपत्र, आणि ‘आज दुपारी ४ पर्यंत’. तालुक्याच्या माणसाकडे त्या रकान्यात भरायला काही नसतं. रकाना कोरा ठेवला तर पत्रक परत येतं. मग तो लिहितो, ‘निरंक’. जिल्ह्याच्या तक्त्यात त्याचं शून्य होतं. राज्याच्या तक्त्यात शून्यांची बेरीज होते. मंत्र्यांच्या तोंडी ‘एकही नाही’ येतं.

शून्य मोजून येतं. निरंक न मोजताही येतं. वर जाता जाता हा फरक कुठे गळतो ते मला २६ वर्षांत नेमकं दाखवता आलं नाही, पण गळतो. आणि साखळीतला एकही माणूस खोटं बोललेला नसतो.

स्टेथो

वरच्या प्रतिसादात दवाखान्याच्या बाजूची भर घालतो. एप्रिल-मे २०२१ मध्ये मी एका कोविड वॉर्डात ड्युटीला होतो. गाव, रुग्णालय सांगत नाही.

रुग्ण गेला की आम्ही ‘नमुना ४’ भरतो, मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. त्यात तात्काळ कारण, त्यामागचं कारण, मूळ कारण अशी उतरंड असते. कोविडसाठी आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) मार्गदर्शन होतं. श्वास थांबणं, हृदय थांबणं हे मरण्याचे प्रकार आहेत, कारणं नव्हेत, म्हणून ते लिहायचे नाहीत. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. मग आम्ही काय लिहायचो? एआरडीएस (फुप्फुसं निकामी होणं), त्याखाली कोविड न्यूमोनिया, त्याखाली मधुमेह वगैरे.

रात्री अडीचला पाइपलाइनचा दाब उतरला आणि जंबो सिलिंडर यायला चाळीस मिनिटं लागली, यासाठी त्या कागदावर ओळच नाही. आजार लिहायला जागा आहे, व्यवस्था लिहायला नाही. तेव्हा ‘राज्यांनी कळवलं नाही’ म्हणण्याआधी, कळवायचं कुठल्या कागदावर होतं, हे कुणीतरी विचारायला हवं होतं.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे मे २०२१ मध्ये बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जे झालं ते विसरणं शक्य नाही. ११ मे रोजी खुद्द आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी पहाटे २ ते ६ या वेळेत २६ रुग्ण गेल्याचं सांगितलं आणि उच्च न्यायालयाने चौकशी करावी अशी मागणी केली. मंत्रीच चौकशी मागतो म्हटल्यावर आमच्यासारख्यांनी काय म्हणायचं! न्यायालयात सुनावण्या चालल्या. ऑक्सिजन नाही म्हणून कुणी जाता कामा नये, असा आदेश झाला. सरकारने तीन जणांची समितीही नेमली.

आणि जुलैत दिल्लीतून हे उत्तर. केंद्रात आणि गोव्यात सरकार एकाच पक्षाचं, तरी पणजीतला आकडा दिल्लीच्या कागदावर पोचला नाही. आमच्या विहीणबाईंचे भाऊ त्या आठवड्यात गेले. त्यांच्या दाखल्यावरही न्यूमोनियाच आहे.

रोखठोक_विदर्भ

धागा एकांगी होतोय, म्हणून थोडं उलटं बोलतो.

एक, मंत्र्याने काय करायला हवं होतं? राज्यांनी न दिलेला आकडा मनाने घालायचा? तसं केलं असतं तर तुम्हीच धागा काढला असता. पोलीस आणि आरोग्य हे दोन्ही सातव्या अनुसूचीतले राज्यांचे विषय आहेत, हे कुणी पळवाट म्हणून शोधून काढलेलं नाही, घटनेत आहे.

दोन, विरोधक आणि माध्यमं ही उत्तरं तितक्याच बेजबाबदारपणे वापरतात. जुलै २०२३ चं गृह मंत्रालयाचं उत्तर आठवा. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत १८ वर्षांवरील १०,६१,६४८ महिला आणि त्याखालच्या २,५१,४३० मुली बेपत्ता. त्यात महाराष्ट्रातल्या १,७८,४०० महिला. मथळे आले, ‘१३ लाख महिला गायब!’ व्हॉट्सॅपवर लोकांनी थेट आखाती देशांपर्यंत तार जोडली. हा आकडा हरवल्याच्या नोंदींचा आहे. नंतर किती सापडल्या, किती आपणहून परत आल्या, ते त्यातून वजा केलेलं नव्हतं. एनसीआरबी (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) सापडलेल्यांचे आकडे वेगळे छापते. ते कुणी उघडलं?

तिरपी_रेघ

@रोखठोक_विदर्भ, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. मीही तो मथळा पुढे ढकलला होता, कबूल.

पहिला अर्धाच मान्य. राज्य सूचीत सहाव्या क्रमांकावर सार्वजनिक आरोग्य, इस्पितळं आहेत, बरोबर. पण समवर्ती सूचीही, म्हणजे केंद्र आणि राज्यं दोघांच्या विषयांची यादी, उघडा. २९ व्या नोंदीत एका राज्यातून दुसऱ्यात पसरणारे साथीचे रोग रोखणं आहे. ३० व्या नोंदीत जन्म-मृत्यूच्या नोंदीसह जीवनविषयक आकडेवारी आहे. म्हणजे साथ आणि मृत्यूची नोंद या दोन्हींत केंद्राचा हात आहे. शिवाय टाळेबंदी लावली ती आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली, आदेश निघाले केंद्रीय गृह मंत्रालयातून. एप्रिल २०२१ मध्ये उद्योगांचा ऑक्सिजन थांबवून कुठल्या राज्याला किती टन द्यायचा ते दिल्लीत ठरत होतं. टँकर दिल्लीने वाटायचे आणि मेलेले राज्यांनी मोजायचे, याला मी संघराज्य म्हणणार नाही.

रोखठोक_विदर्भ

३० वी नोंद माहीत नव्हती. बघितली. मुद्दा बरोबर आहे. टँकरवालं वाक्य मात्र भाषणातलं झालं.

तिरपी_रेघ

हो, झालं खरं. :)

नवी_पालवी

बाळबोध शंका. तारांकित आणि अतारांकित यात नेमका फरक काय? आणि आपण सामान्य माणसं प्रश्न विचारू शकतो का?

फायलीतला_माणूस

तारांकित म्हणजे मंत्र्याने सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं, आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित म्हणजे फक्त लेखी. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित, राज्यसभेत १५ आणि १६०. जास्त सूचना आल्या की सोडत. लोकसभेत तारांकितांची यादी हिरव्या कागदावर छापायचे, अतारांकितांची पांढऱ्या. तासाभरात वीसपैकी पाच-सहाच प्रश्नांचा नंबर लागतो, बाकीच्यांची उत्तरं पटलावर.

खरी गंमत पूरक प्रश्नात असते. लेखी उत्तर आम्ही दोन ओळींचं करायचो, पण मंत्र्यांसाठी पूरक टिपणी दहा-बारा पानांची. अध्यक्षांनी परवानगी दिली आणि एखादा अभ्यासू सदस्य उठला की अधिकारी गॅलरीतून चिठ्ठ्या पाठवताना घामाघूम. तिरपी_रेघ यांनी २०२० चं अधिवेशन सांगितलं, त्यात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, सगळी उत्तरं लेखी. म्हणून ‘आकडेवारी नाही’ या उत्तरावर ‘का नाही?’ असं उभं राहून कुणालाच विचारता आलं नाही.

सामान्य माणसाने आपल्या आमदार-खासदाराला लिहून द्यायचं. देतात पुष्कळ लोक. फक्त पैसे देऊ नका. २००५ मध्ये त्यापायी ११ खासदारांचं सदस्यत्व गेलं, त्यात जळगावकडचे दोघे होते.

थेम्सपार

इंग्लंडात राहतो, इथल्या खासदारांचे लेखी प्रश्न कामानिमित्त वाचावे लागतात. इथे ‘निरंक’चा गोरा भाऊ आहे. माहिती गोळा करायला ८५० पौंडांपेक्षा जास्त खर्च येणार असेल तर मंत्री ‘अवाजवी खर्च’ म्हणून उत्तर नाकारू शकतात. आणि स्कॉटलंडच्या इस्पितळाबद्दल वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे लंडनच्या संसदेत, विचारलं की ‘आरोग्य हा तिथल्या सरकारचा विषय’. वाचताना अगदी माहेरचं वाटतं.

पण ‘खर्च परवडत नाही’ असं सांगितलं की निदान कळतं, आकडा कुठेतरी आहे.

स्टेथो

आरोग्य खात्याच्या उत्तरांतला माझा आवडता आकडा राहिला. १:८३४. देशात ८३४ लोकांमागे एक डॉक्टर, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणून सांगितल्या जाणाऱ्या १:१००० पेक्षा आपण पुढे. हे गेल्या काही वर्षांत अनेकदा येऊन गेलंय, पुढेमागे थोडं बदलून.

आता उत्तराचं पुढचं वाक्य वाचा. जून २०२२ पर्यंत १३,०८,००९ अॅलोपॅथी डॉक्टर नोंदलेले. त्यातले ८० टक्के उपलब्ध ‘गृहीत धरून’ आणि ५.६५ लाख आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) डॉक्टर मिळवून हे प्रमाण. कागद-पेन्सिल घ्या. १३.०८ चे ८० टक्के १०.४६ लाख. अधिक ५.६५, झाले १६.११ लाख. उलटं गणित केलं तर लोकसंख्या १३४ कोटींच्या आसपास धरलेली दिसते. फक्त अॅलोपॅथीवाले घेतले तर प्रमाण येतं साधारण १:१२८४. म्हणजे परीक्षा पास-नापास ठरते ती एका बेरजेवर.

आयुषवाल्यांना कमी लेखायचं नाही. आमच्या तालुक्यात रात्री दार वाजवलं तर उघडणारा बीएएमएसच असतो. पण मग तसं मोकळेपणी म्हणा. आणि ते ८० टक्के कुठून आले? परदेशी गेलेले, निवृत्त झालेले, आमच्या बॅचचे प्रशासकीय सेवेत गेलेले तिघं, सगळे नोंदवहीत आहेतच.

बाकडं_नंबर_तीन

अवांतर : म्हणजे ८३४ पैकी एक डॉक्टर आणि उरलेले ८३३ व्हॉट्सॅपवरचे डॉक्टर.

मांडवीकाठ

उत्तरं वाचायला शिकलो, आता प्रश्न लिहायला शिकूया का? @फायलीतला_माणूस, तुम्हाला कुठल्या प्रश्नाची भीती वाटायची?

फायलीतला_माणूस

चांगलं विचारलंत. ज्यात विशेषण आहे त्या प्रश्नाची कधीच नाही. ‘गंभीर’, ‘प्रचंड’, ‘जनतेत तीव्र असंतोष’ दिसलं की निम्मं काम झालं. असंतोष नाही, म्हणून हे खरे नाही, पुढचे सगळे उपप्रश्न उद्भवत नाहीत. ‘अमुकमुळे तमुक झाले काय’ या प्रश्नाचीही नाही, कारण ‘मुळे’ सिद्ध करायची जबाबदारी विचारणाऱ्यावर येते. ‘ऑक्सिजनअभावी मृत्यू झाले का’ हा प्रश्न तिथेच फसला. एका शब्दात कारण बांधून दिलं होतं.

भीती वाटायची ती तारीख आणि पदसंख्या मागणाऱ्याची. अमुक रुग्णालयात मंजूर पदं किती, अमुक तारखेला भरलेली किती, टाकी कोणत्या दिवशी किती वेळा भरली, लॉगबुकात कोणत्या वेळी दाब किती नोंदला. हे कुठल्या तरी वहीत लिहिलेलं असतंच. ‘निरंक’ लिहिता येत नाही. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे, पटलावर ठेवली जाईल’ असं उत्तर दिलं तर ते आश्वासन ठरतं आणि आश्वासन समिती मागे लागते. संसदेत तर तीन महिन्यांची मुदत.

तिरपी_रेघ

मग आजच बसले. आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयासाठी आमदारांना द्यायचा मसुदा :

‘(१) उक्त ग्रामीण रुग्णालयात रुग्णांच्या संख्येच्या मानाने पुरेसे वैद्यकीय अधिकारी उपलब्ध नाहीत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, मंजूर व भरलेल्या पदांचा संवर्गनिहाय तपशील काय आहे, (३) गेल्या १२ महिन्यांत किती रुग्णांना पुढील उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयात पाठविण्यात आले, (४) १०८ रुग्णवाहिका बोलाविल्याची व पोचल्याची नोंदवहीतील वेळ काय आहे?’

फायलीतला_माणूस

चौथा फक्कड आहे. त्यात तारखा घाला, ‘१ ते ३१ जुलै’ असं काहीतरी. वर्षभराचं मागितलंत तर ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ म्हणून सोडून देतील.

पहिला पूर्ण काढा. ‘पुरेसे’ लिहिलंत की मी ‘हे खरे नाही’ लिहिणार. आणि (२) मधलं ‘असल्यास’सुद्धा काढा, नाहीतर तो पहिल्याबरोबर बुडेल.

तिरपी_रेघ

काढलं दोन्ही. आमदारांच्या स्वीय सहायकाला उद्या कागदच नेऊन देते.

रोखठोक_विदर्भ

आमच्याही तालुक्यासाठी वापरू का? गावाचं नाव बदलतो फक्त.